आधी निचरा, मग धैंचा, मग जिवाणू

वाळवा, मिरज, शिरोळ या कृष्णाकाठच्या तालुक्यांत क्षारपड जमिनीचा विषय निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो : मिठात जगणारे जिवाणू बाजारात आले आहेत, ते सोडले तर जमीन सुधारेल का? उत्पन्न घटत गेलेले रान डोळ्यांसमोर असणारा माणूस हे विचारणारच. उत्तर असे आहे की क्षार सोसणाऱ्या वनस्पती आणि जिवाणू यांचा उपयोग खरा आहे, प्रयोगांनी सिद्ध झालेला आहे. पण त्यांचे काम पिकाला मिठात तग धरायला लावणे आणि जमीन मोकळी करणे हे आहे. मीठ शेताबाहेर नेण्याचे काम ते करत नाहीत. ते पाणी करते, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट असेल तरच करते.

हे पटण्यासाठी एक हिशेब मांडू. ज्या पाण्याची विद्युत वाहकता (ईसी) १ डेसिसायमन प्रति मीटर आहे, त्याच्या एका लिटरमध्ये साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. एक हेक्टरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर, म्हणजे ६४ किलो क्षार. उसाला वर्षाकाठी २०० सेंटिमीटर असे पाणी दिले तर हेक्टरी जवळजवळ १२.८ टन क्षार आपणच शेतात आणून टाकतो. नदीचे चांगले, ०.४ ईसीचे पाणी दिले तरी ५ टन होतात. आता दुसरी बाजू पाहा. तमिळनाडूतील शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुएडा आणि सेसुव्हियम या क्षार शोषणाऱ्या वनस्पती चार महिन्यांत हेक्टरी अनुक्रमे ५०४ आणि ४७४ किलो मीठ उचलू शकतात, असा अंदाज निघाला. वनस्पतीसाठी हा आकडा थक्क करणारा आहे. पण वर्षाला ५ ते १२ टन येत असताना अर्धा टन उचलून जमीन मोकळी होत नाही. शिवाय त्या वनस्पती कापून शेताबाहेर न्याव्या लागतात; तिथेच गाडल्या तर मीठ जिथल्या तिथे राहते. म्हणून "ही वनस्पती लावा, जमीन आपोआप गोड होईल" असे कोणी सांगत असेल तर त्याच्यासमोर हा हिशेब ठेवा.

तुमची जमीन नेमकी कोणती?

सरसकट सगळ्याला आपण क्षारपड म्हणतो, पण उपाय ठरतो तो जमिनीच्या प्रकारावर. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त असतात. उन्हाळ्यात पांढरा थर दिसतो, सामू ८.५ च्या आत असतो आणि संपृक्त अर्काची ईसी ४ च्या वर असते. चोपण जमिनीत मातीच्या कणांना सोडियम चिकटलेला असतो. सामू ८.५ च्या पुढे जातो आणि विनिमययुक्त सोडियम १५ टक्क्यांहून जास्त भरतो. अशी जमीन ओली असताना चिकट आणि सुकली की दगड होते, पाणी वरच साचून राहते. तिसरा प्रकार दोन्हींचा, क्षारयुक्त-चोपण. महाराष्ट्रात सुमारे ६ लाख हेक्टर जमीन क्षारांनी बाधित आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग चोपण आहे. म्हणजे नुसते पाणी भरून धुतल्याने आपल्याकडच्या बऱ्याच जमिनी सुधारणार नाहीत. उलट क्षार निघून सोडियम तसाच राहिला तर माती आणखी बसते.

मातीचा नमुना एप्रिल-मेमध्ये घ्या आणि तीन थरांतून वेगवेगळा घ्या : ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटिमीटर. खालच्या थरात क्षार जास्त असतील तर ते पुढच्या उन्हाळ्यात वर येणार हे नक्की. त्याच वेळी शेतात दोन मीटर खोल भोक पाडून त्यात भोके असलेला पीव्हीसी पाइप उभा करा आणि महिन्यातून एकदा पाण्याची पातळी मोजा. पातळी जमिनीपासून दीड मीटरच्या आत येत असेल तर केशाकर्षणाने क्षार वर चढत राहतात, आणि मग वरून काहीही टाका, त्याचा परिणाम एका हंगामापलीकडे टिकत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे पाणीही तपासून घ्या. पाण्यातच कार्बोनेट-बायकार्बोनेट जास्त असतील तर जमीन चोपण होण्याचे कारण तिथेच आहे.

अहवाल वाचताना एक गोष्ट नीट पाहा. आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळा एक भाग माती आणि अडीच भाग पाणी असे मिश्रण करून ईसी मोजतात. पुस्तकांतले पिकांच्या सहनशक्तीचे आकडे मात्र संपृक्त अर्काचे असतात. भारी काळ्या मातीत पहिला आकडा दुसऱ्याच्या काही पट कमी भरतो. अहवालात १.५ दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. कोणत्या पद्धतीने मोजले ते प्रयोगशाळेला विचारा.

कोणते पीक किती सोसते

अमेरिकेतील रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेच्या मास आणि हॉफमन या शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये पिकांची सहनशक्ती आकड्यांत बसवली. आजही जगभर तेच कोष्टक वापरतात. समजा संपृक्त अर्काची ईसी ६ आहे. त्या कोष्टकानुसार गहू (मर्यादा ६), ज्वारी (६.८) आणि कापूस (७.७) यांना काही घट येत नाही. सोयाबीनची मर्यादा ५, म्हणून २० टक्के घट. ऊस १.७ पासूनच मार खाऊ लागतो, पण त्याची घट सावकाश होते; ६ ला ती २५ टक्क्यांच्या आसपास असते. भाताला ३६ टक्के, मक्याला निम्म्याहून थोडी जास्त, कांद्याला तीन चतुर्थांशाहून जास्त, आणि घेवड्याचे तर जवळजवळ पीकच जाते.

आपल्या पट्ट्यात ऊस वर्षानुवर्षे का टिकून राहिला ते यात दिसते : तो हळूहळू खचतो. एकरी ६० टनांचा ५० होतो, ५० चा ४० होतो, आणि दोष बेण्यावर, खतावर, हवामानावर जातो. तोपर्यंत जमिनीतले पाणी वर आलेले असते. मला या सगळ्यात सर्वांत जास्त काळजी वाटते ती या सावकाश होणाऱ्या नुकसानाची, कारण त्यात जाग यायला दहा-पंधरा वर्षे जातात.

हे कोष्टक उगवून आलेल्या पिकासाठी आहे, हेही ध्यानात असू द्या. चाऱ्याचे किंवा साखरेचे बीट मोठे झाल्यावर ७ पर्यंत सोसते, पण उगवणीच्या वेळी फार नाजूक असते. शिवाय मुळाशी पाणी साचले असेल तर गव्हाची ६ ची मर्यादा काही कामाची नाही. मूळ मिठाने नाही, गुदमरून मरते.

वाण निवडताना आपल्याच भागात तपासलेले घ्या. उसात पाडेगाव संशोधन केंद्राचा फुले २६५ (कोएम ०२६५) क्षारपड जमिनीत को ८६०३२ पेक्षा बरा टिकतो, हा शेतकऱ्यांचाही अनुभव आहे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचे (स्थापना १९६९) गव्हाचे केआरएल २१० व केआरएल २१३, मोहरीचे सीएस मालिकेतील वाण नावाजलेले आहेत, पण ते उत्तरेच्या थंड, लांब हिवाळ्यात घडलेले आहेत. ते थेट मागवून दोन एकर पेरण्याऐवजी कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात किंवा बारामतीजवळ माळेगावला असलेल्या अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेत आधी विचारा.

निचऱ्याबद्दल थोडक्यात

निचरा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून इथे एवढेच. उघडे चर सर्वांत स्वस्त, पण ते दरवर्षी साफ करावे लागतात. जमिनीखाली साधारण एक मीटरभर खोलीवर सच्छिद्र पाइप घालून पाणी नाल्याला काढणे हा टिकाऊ उपाय. तो एकट्या शेतकऱ्याच्या हातात नसतो, कारण पाइपचे पाणी शेजाऱ्याच्या रानातून पुढे न्यावे लागते. शिरोळ तालुक्यात दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून हे काम केले आहे. जाऊन बघण्यासारखे आहे. ज्यांच्याकडे एवढी सोय आज नाही, त्यांनी निदान पाणी तरी कमी करावे. ठिबक किंवा एक आड एक सरी भिजवणे एवढ्यानेही पातळी वर येण्याचा वेग कमी होतो.

धैंचा : सर्वांत भरवशाचा गडी

क्षार सोसणाऱ्या वनस्पतींत मी पहिला क्रमांक धैंच्याला देतो, आणि त्याला कारणे आहेत. तो क्षारात उगवतो, चोपण मातीत वाढतो, पाणी साचले तरी मरत नाही. मुळांवरच्या गाठींत नत्र बांधतो. त्याची मुळे खाली जाताना घट्ट मातीत वाटा पाडतात. पण खरे मोल मुळांच्या श्वासाचे आहे. मुळे आणि त्यांच्याभोवतीचे जिवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात. मातीतल्या पाण्यात तो मिसळला की सौम्य आम्ल तयार होते आणि ते मातीतली चुनखडी विरघळवू लागते. आपल्या काळ्या जमिनींत चुनखडी भरपूर असते. विरघळलेल्या चुनखडीतला कॅल्शियम मातीच्या कणांवरचा सोडियम बाजूला सारतो आणि सुटलेला सोडियम निचऱ्याच्या पाण्याबरोबर खाली जातो. म्हणजे जिप्समचे काम काही प्रमाणात जमिनीतलाच चुना करतो, आणि ते घडवून आणते मूळ.

एकरी १६ ते २० किलो बियाणे घ्या. रात्रभर भिजवून, उपलब्ध असेल तर धैंच्याचेच रायझोबियम लावून, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसावर पेरा. इतर पिकांचे रायझोबियम इथे उपयोगी पडत नाही. थोडे सिंगल सुपर फॉस्फेट दिले तर गाठी चांगल्या धरतात. ४५ ते ५० दिवसांत, फुलोरा दिसू लागताच गाडा. यात उशीर करू नका : नंतर खोड लाकडासारखे होते आणि कुजायला फार वेळ लागतो. गाडताना जमिनीत पुरेशी ओल हवी. मग पुढच्या लागणीपर्यंत दोन-तीन आठवडे जाऊ द्या. एका वर्षात चमत्कार दिसणार नाही. सलग दोन-तीन पावसाळे धैंचा घेतलेल्या रानात वाफसा लवकर येऊ लागतो, नांगराला माती हलकी लागते. सामूचा आकडा उतरण्याआधी हा फरक जाणवतो.

जिथे आज काहीच येत नाही, तिथे गवतापासून सुरुवात करा. पाणथळ, क्षारपड कोपऱ्यात पॅरा गवत चांगले येते आणि जनावरांना चारा मिळतो. पाकिस्तानच्या पंजाबात चोपण जमिनीवर कल्लर गवत लावून जमीन हळूहळू पिकाखाली आणण्याचे मोठे काम झाले. त्या गवताच्या मुळांच्या आतच नत्र बांधणारे अ‍ॅझोआर्कस नावाचे जिवाणू सापडले आणि १९९३ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध झाले. मिठात वाढणारी वनस्पती एकटी वाढत नसते, तिच्या मुळांत तिचे सोबती असतात, हे त्यातून लख्ख कळले. वेडी बाभूळ मात्र क्षारात येते म्हणून लावू नका. ती एकदा शिरली की बांध, ओढा, गायरान सगळे व्यापते.

जिप्सम, गंधक आणि मातीतले कामगार

चोपण जमिनीला कॅल्शियम लागतोच. जिप्सम किती टाकायचे ते अहवालातल्या गरजेवरूनच ठरवा. चुनखडीयुक्त जमिनीत गंधकही चालते. १ किलो गंधक हे सुमारे ५.४ किलो जिप्समइतके काम करते. पण हे काम गंधक स्वतः करत नाही. थायोबॅसिलस गटातले जिवाणू गंधकाचे गंधकाम्ल करतात, ते आम्ल चुनखडी विरघळवते आणि कॅल्शियम सुटतो. या जिवाणूंना हवा आणि ओल दोन्ही लागतात. पाणी साचलेल्या रानात गंधक टाकणे म्हणजे पैसे चिखलात घालणे. शेणखत किंवा चांगले कुजलेले मळीचे कंपोस्ट याबरोबर मिसळून टाका, जिवाणूंना खाद्य मिळते.

जिवाणू नेमके काय करतात

मिठाच्या ताणाखाली झाडाच्या मुळांत इथिलीन वाढते आणि मुळाची वाढ थांबते. काही जिवाणूंकडे एसीसी डिअ‍ॅमिनेज नावाचे विकर असते; इथिलीन ज्यापासून बनते तो पदार्थच ते खाऊन टाकतात. मूळ वाढत राहते. काही जिवाणू मुळाभोवती चिकट शर्करेचे वेष्टण तयार करतात, त्यात सोडियम अडकतो आणि ओल टिकते. काही स्फुरद सोडवतात. आपल्या चुनखडीयुक्त जमिनींत स्फुरद बांधून बसत असल्याने अशा जिवाणूंची गरज जास्त असते. मायकोरायझा बुरशी मुळाचा पल्ला वाढवते आणि झाडाला सोडियमऐवजी पोटॅश उचलायला मदत करते.

हे कागदावरचे नाही. राजस्थानच्या थर वाळवंटातल्या झुडपांच्या मुळांशी सापडलेल्या सेरेंडिपिटा इंडिका या बुरशीमुळे सातू क्षाराला अधिक तोंड देऊ शकतो, हे २००५ मध्ये दाखवले गेले. अमेरिकेतील युटा राज्यात खाऱ्या जमिनीवर वाढणाऱ्या सॅलिकॉर्नियासारख्या वनस्पतींच्या मुळांशी हॅलोमोनास आणि बॅसिलस गटातले जिवाणू मिळाले. ते लसूणघासाला दिल्यावर १ टक्का मिठातही त्याची वाढ सुधारली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम आपल्या दूध उत्पादकांनी लक्षात ठेवावे असे आहे. आपल्याकडे कर्नालच्या संस्थेच्या लखनौ केंद्राने क्षारात जगणाऱ्या जिवाणूंची हॅलो-अझो, हॅलो-पीएसबी अशी द्रवरूप खते तयार केली आहेत.

मात्र कुंडीत मिळालेले यश शेतात तसेच्या तसे उतरत नाही. शेतात आधीच असलेले जिवाणू नव्यांना जागा देत नाहीत, आणि क्षार सोसणारा जिवाणूही अन्नावाचून राहत नाही. म्हणून सेंद्रिय कर्ब नसलेल्या जमिनीत बाटलीतल्या जिवाणूंवर खर्च करू नका. आधी धैंचा, पाचट, कंपोस्ट. पाचट पेटवायचे नाही, हा नियम क्षारपड जमिनीत दुप्पट महत्त्वाचा, कारण पाचटाखाली बाष्पीभवन कमी होते आणि मीठ वर येत नाही.

विकत घेताना पिशवीवर जिवाणूचे नाव, उत्पादनाची आणि मुदतीची तारीख, लॉट क्रमांक पाहा. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे पावडरीच्या जिवाणू खतात ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूपात मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असायला हवेत. दुकानात ते उन्हात ठेवलेले असेल तर घेऊ नका. बियाण्याला पावडर १० किलोस २५० ग्रॅम, गुळाच्या थंड पाण्यात कालवून लावा आणि सावलीत सुकवा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वांत शेवटी. उसाच्या बेण्याला हेक्टरी १० किलो अ‍ॅसिटोबॅक्टर आणि १.२५ किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू १०० लिटर पाण्यात मिसळून, बेणे अर्धा तास बुडवून लावा. या प्रक्रियेनंतर एरवी नत्राची मात्रा कमी करतात. क्षारपड रानात पहिल्या वर्षी ती कमी करू नये असे माझे मत आहे. सामू जास्त असलेल्या मातीत युरियातला नत्र अमोनिया होऊन उडून जातो, त्यामुळे तो जास्त हप्त्यांत, मातीआड द्या.

खारफुटीखालची किंवा पांढऱ्या फुटलेल्या रानातली माती उचलून "जिवाणूंसाठी" आपल्या शेतात आणू नका. जिवाणू किती येतील ते सांगता येत नाही, मीठ मात्र नक्की येते. आणि खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे.

लागण करताना

सरी-वरंब्यात पाणी वरंब्याकडे ओढले जाते आणि सगळे क्षार वरंब्याच्या माथ्यावर जमतात. म्हणून बी किंवा रोप माथ्यावर नको, वरंब्याच्या बगलेत, पाण्याच्या रेषेजवळ लावा. बियाणे चौथाई जास्त धरा. रोपे लावायची असतील तर ती थोडी थोराड घ्या.

कोकणातल्या खारजमिनींचे गणित वेगळे आहे. तिथे मीठ समुद्राचे असते आणि ते धुवायला पाऊस असतो. बांध आणि उघाडी (बांधातली पाण्याची झडप) शाबूत असतील तर जुलैपर्यंत वरचा थर बराच धुऊन निघतो, मग लावणी करावी. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे पनवेल १, २, ३ हे भाताचे वाण त्यासाठीच आहेत. काळा राता, भुरा राता आणि गोव्याच्या खाजनांतला कोरगुट ही पिढ्यानपिढ्या मिठात तावूनसुलाखून निघालेली बियाणी आहेत. ज्यांच्याकडे ती अजून आहेत त्यांनी थोडे तरी रान त्यांच्यासाठी राखावे. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारे असल्याने तिथे पावसाचे पाणी शेततळ्यात साठवून त्यावर हरभरा, ज्वारी, कापूस असे बेत बसवावे लागतात.

जिवाणू वापरताना रानाच्या मधोमध दोन-तीन सऱ्या कोऱ्या सोडा. खत, पाणी, मशागत सगळे सारखे. फक्त जिवाणू नाहीत. कडेच्या सऱ्या सोडू नका, तिथे उत्पन्न तसेही वेगळे येते. तोडणीला दोन्हीकडचे वजन वेगळे करा आणि मेमध्ये दोन्हीकडची माती वेगळी तपासायला द्या. दोन हंगाम फरक दिसला तर ते खत चालू ठेवा. नाही दिसला तर तो खर्च थांबवा आणि ते पैसे चर साफ करायला वापरा.